नावातच डोंगर असलेलं गाव

माझ्या मुलीसाठी जर्मनीत डोंगराजवळचं स्वस्त गाव निवडायची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा मी आयुष्यात तीनच डोंगर जवळून पाहिले होते. त्यातला एक कचऱ्याचा होता.

मुलीचं नाव पिंकी. (कागदोपत्री प्रियांका, पण कागद सोडला तर तिला तसं कुणी म्हणत नाही.) ती ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स, जावई अमोल वीजकामाचा तंत्रज्ञ, आणि त्यांची सहा वर्षांची ओवी. तिघंही भिवंडीत आमच्याच घरी राहायची. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला लूमचे कारखाने आहेत आणि पुढच्या बाजूला रस्त्याचं काम. मागच्या खिडकीतून सुताची बारीक लव यायची, पुढच्या खिडकीतून धूळ. हे रस्त्याचं काम ओवीच्या जन्माआधी सुरू झालं होतं. ओवी पहिलीत गेली, काम अजून बालवाडीतच होतं.

ओवीला दम्याचा त्रास. रात्री-अपरात्री पोरीची छाती वाजायला लागली की घरातली चार मोठी माणसं तिच्या पंपाच्या शोधात एकमेकांवर आदळायची. पंप नेहमी उशीजवळच असायचा, पण घाबरलेल्या माणसाला उशी सोडून सगळं दिसतं. एका मे महिन्यात आम्ही तिला माझ्या बायकोच्या, म्हणजे मंदाच्या माहेरी घेऊन गेलो. गणेशपुरीच्या जवळ, डोंगराच्या पायथ्याशी घर. आठ दिवसांत पोरीने एकदाही पंप मागितला नाही. परत आल्यावर मी डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, तिला मोकळी हवा मानवत असणार. दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझ्या तोंडी 'मोकळ्या हवे'ची 'डोंगराची हवा' झाली होती. डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि थोड्या दिवसांनी मलाही तसंच आठवायला लागलं.

त्याच सुमारास जर्मनीत नर्सेस हव्या आहेत अशी खबर पिंकीच्या हॉस्पिटलात आली. वर्षभर ड्युटी करून, क्लास लावून ती जर्मन भाषा शिकली. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. मग नर्सेसना तिकडे नोकरी लावून देणाऱ्या कंपनीने पाच गावांची यादी पाठवली आणि यातलं एक पंधरा दिवसांत निवडा, असं कळवलं. (विनवण्या करून ती मुदत आम्ही दोन महिन्यांवर नेली.) पिंकीचे डोळे तेव्हा जागरणाने कायम सुजलेले असायचे. तिने यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही बघा. भाडं झेपायला हवं आणि ओवीला मानवायला हवं. बाकी मला काही नको."

तिने माझ्याकडेच का दिली, याचं कारण उघड होतं. मी भिवंडीजवळच्या वडप्याच्या एका गोदामात सव्वीस वर्षं डिस्पॅच सुपरवायझर होतो. कुठला ट्रक कुठल्या गावाला जाणार, हे मी ठरवायचो. हजारो गावांना मी माल पाठवला. त्यातल्या एकाही गावाला गेलो नाही, ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

मी दोनशे पानी वही आणली. एकेका गावाला वीस-वीस पानं दिली. रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून मी मोबाईल घेऊन बसायचो. मंदा आत भांडी घासत असली की मी तिला तिथूनच सांगायचो की या गावात दोन शाळा आहेत, त्या गावात तळं आहे. ती "बरं" म्हणायची. यादीतली दोन गावं खरोखरच बर्फाच्या डोंगरांच्या कुशीत होती. फोटोत हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. पण तिथली भाडी अशी की पिंकीचा पगार तिच्या खात्यात येऊन घरमालकाकडे जाताना फक्त पाणी प्यायला थांबला असता. दोन गावं म्हणजे मोठी शहरं होती. ओवीला एका भिवंडीतून काढून दुसऱ्या भिवंडीत नेण्यात मला अर्थ वाटेना.

राहिलं पाचवं. यादीतलं सगळ्यांत स्वस्त. आणि त्याच्या नावाच्या शेवटी होतं 'बेर्ग'.

मी पिंकीचं भाषेचं पुस्तक काढलं. बेर्ग म्हणजे डोंगर, असं त्यात चित्रासकट दिलेलं होतं. मी ते पान तीनदा वाचलं. नावातच डोंगर असलेलं गाव, आणि भाडं सगळ्यांत कमी! त्या गावाच्या वेबसाइटवर एक फोटोही सापडला. लाल टोप्या घातलेली पंधरा-वीस माणसं, मागे बर्फाची शिखरं. फोटोखाली जर्मनमध्ये दोन ओळी होत्या. त्या वाचायची मला गरज वाटली नाही. फोटो दिसत होताच. (गावाच्या गायन मंडळाची सहल, सहाशे किलोमीटरवरच्या डोंगरात, असं त्या दोन ओळींत लिहिलेलं होतं. हे मला पुष्कळ नंतर कळलं.)

ही बातमी मी सगळ्यात आधी शकीलभाईला दिली. शकीलभाई आमच्या तळमजल्यावर राहतो. चार पिढ्या भिवंडीतच, मागचे बारा लूम त्याचे. त्याचे निम्मे नातेवाईक आखातात असल्यामुळे परदेश या विषयात आमच्या इमारतीत त्याचा शब्द शेवटचा असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि गावाची समुद्रसपाटीपासून उंची किती, एवढंच विचारलं. मी मोबाईलवर बघितलं. बासष्ट मीटर.

"भोईरभाऊ," तो म्हणाला, "बासष्ट मीटर म्हणजे आपल्याकडचा एखादा टॉवर झाला. पहाड किधर है इसमें?"

मी त्याला शांतपणे समजावलं की उंची गावाची दिली आहे, डोंगराची नाही. गाव पायथ्याशी असणार, म्हणून तर भाडं कमी. शकीलभाईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि चहा मागवला. वादात हरला की शकीलभाई चहा मागवतो, असा माझा बरीच वर्षं समज होता. समोरच्याचा नाद सोडला की मागवतो, हे आता कळतं.

सही करायच्या दिवशी पिंकीने मला एकदाच विचारलं, "पप्पा, नक्की ना?"

मी म्हणालो, "अगं, नावातच आहे."

तिने सही केली.

मग महिनाभर तयारी चालली. मंदाने तिघांसाठी लोकरीचे कपडे घेतले. मी बाजारात हिंडून डोंगरावर घसरू नये म्हणून तळाला दात असलेले जाड बूट आणले, अगदी ओवीच्या मापाचेसुद्धा. ते घालून ओवी घरात चालली की खालून शकीलभाईची बायको वर काय पडलं म्हणून विचारायची. फेब्रुवारीत ते गेले. विमानतळावर ओवीने मला मिठी मारली आणि डोंगरावरून एक दगड पाठवते म्हणाली. परतीच्या वाटेवर रिक्षात मी आणि मंदा दोघांनीही तोंडं बाहेर केली होती. मी माझ्या बाजूने, ती तिच्या बाजूने.

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मी डोंगर दाखवायला सांगितला. पिंकी म्हणाली, धुकं आहे. पुढच्या आठवड्यात म्हणाली, समोर इमारत आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात फोनची बॅटरी संपली. मी अमोलला म्हणालो, अरे, जरा चार पावलं चालून दाखव. अमोल म्हणाला, हो, दाखवतो ना, आणि कॉल तुटला. (जावयाच्या फोनचं नेटवर्क त्या महिन्यात फार कच्चं होतं. नेमकं याच विषयावर.)

मार्चच्या शेवटी मात्र फोटो आला. नांगरलेलं काळं शेत, शेताच्या पलीकडे पांढराशुभ्र, भला मोठा डोंगर, आणि अलीकडे लाल टोपीतली ओवी. मी तो फोटो कल्याण नाक्यावरच्या एका स्टुडिओत नेऊन दोन फूट बाय तीन फूट मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि हॉलमध्ये लावला. त्यासाठी आमच्या लग्नाचा फोटो आतल्या खोलीत गेला. मंदा त्यावर काही बोलली नाही, आणि तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आता मी दिवसाचा पहिला चहा त्या फोटोसमोर उभं राहून प्यायला लागलो. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो डोंगर समजावून द्यायचो. कुणी विचारलं नाही तरी. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला समजावला, मीटर बघायला आलेल्याला समजावला. हळूहळू लोक सल्ल्यालाही यायला लागले. शकीलभाईचा तिशीतला पुतण्या इरफान कोल्ड स्टोरेजच्या मशिनरीचं काम करतो. त्याला जर्मनीतच नोकरी लागली. मी त्याला पिंकीच्या गावापासून जवळचंच गाव घ्यायला लावलं आणि दाताचे बूट कुठल्या दुकानात मिळतात तेही सांगितलं. त्याने नेले. जूनमध्ये तो गेला.

इरफान गेल्यापासून शकीलभाई डोंगराचा विषय काढीनासा झाला. वर आला तर फोटोकडे पाठ करून बसायचा. मला वाटलं, पुतण्याची आठवण येत असेल.

जुलैत पिंकीने आणखी एक फोटो पाठवला. तोच डोंगर, तेवढाच पांढरा, पण ओवीच्या अंगात बिनबाह्यांचा फ्रॉक, हातात आइस्क्रीम आणि कपाळावर घाम. मंदाने विचारलं, एवढ्या उन्हाळ्यात बर्फ कसा राहिला. (हे तिने का विचारलं, तिलाच ठाऊक. बहुतेक मला एक संधी देत असावी.) मी सांगितलं की ती डोंगराची सावलीची बाजू आहे. मंदा "बरं" म्हणाली.

ऑगस्टमधला रविवार होता. मंदाचा भाऊ गणेशपुरीहून आला होता. शकीलभाई आणि त्याची बायको वर आले होते. पिंकीच्या कॉलची वेळ झाली, तसा मी फोन मोठ्या टीव्हीला जोडला. ओवी पडद्यावर आली. समोरचे दोन दात पडलेले, गाल वर आलेले. मी सगळ्यांच्या देखत तिला म्हणालो, "ओवी, मामा-आजोबांना सांग बघू, डोंगरावर चढताना काय काय दिसतं?"

ओवी म्हणाली, "आजोबा, त्याच्यावर चढायला बंदी आहे. ते मीठ आहे."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी आवाज वाढवला. त्यामुळे पुढचं वाक्य सगळ्या घरात घुमलं. "खाणीतलं खराब मीठ टाकतात तिथे. पण मम्मी म्हणाली, आजोबांना सांगायचं नाही."

पडद्याच्या बाहेरून पिंकीचा हात आला आणि ओवी दिसेनाशी झाली. मग पिंकीचं तोंड दिसलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. गावाच्या आसपास डोंगर नाही. शेत, शेताच्या पुढे शेत, त्याच्या पुढे आणखी शेत. जमिनीखाली मिठाची खाण होती, तिच्यातून निघालेल्या टाकाऊ मिठाची ती रास. नावातला बेर्ग मात्र खरा होता. चर्चच्या मागे एक टेकाड आहे. आमच्या इमारतीच्या गच्चीएवढं. थंडीत मुलं त्यावरून घसरतात.

मी वळून घरातल्या माणसांकडे बघितलं. त्यांना धक्का बसलेला बघायचा होता. एकाच्याही चेहऱ्यावर धक्का नव्हता. शकीलभाई नखं बघत होता. त्याला जूनमध्येच इरफानने कळवलं होतं. मंदाला मार्चपासून माहीत होतं, फोटो आला त्याच दिवशी पिंकीने तिला वेगळा फोन केला होता. मेहुण्याला तर मंदाने त्या रविवारी दुपारी, आल्या आल्या पाण्याच्या पेल्याबरोबर सांगून ठेवलं होतं, म्हणजे जेवताना त्याने भलतंसलतं विचारू नये. भिवंडीपासून जर्मनीपर्यंत ज्याला तो डोंगर डोंगर वाटत होता असा माणूस उरला होता फक्त मी. आणि कदाचित गॅसवाला.

पाहुणे गेल्यावर मी मंदाला विचारलं की पाच महिने मला का सांगितलं नाही.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "रोज त्या फोटोसमोर उभं राहून चहा प्यायचात तुम्ही. कसं सांगू?"

मी रागावायचा प्रयत्न केला, पण राग कुणाचा ते ठरेना. सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं, असं मनात म्हणून बघितलं. ते खरं वाटेना. वेड्यात मी स्वतःच निघालो होतो. बाकीच्यांनी फक्त दार हळू लावलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. पण खरं टोचत होतं ते निराळंच. पोरीने विश्वासाने यादी माझ्या हातात दिली, 'नक्की ना' म्हणून विचारलं, आणि मी पुस्तकातलं एक चित्र बघून तिचं बिऱ्हाड हलवलं. तिथे उतरून, ओळखदेख नसलेल्या जागी, ती सहा महिने माझी लाज सांभाळत बसली. नोकरी सांभाळून.

संध्याकाळी मी एकट्याने पिंकीला फोन लावला. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे आधी मी हवामानाचं विचारलं, मग भाज्यांचे भाव विचारले. शेवटी म्हणालो, "पिंके, चुकलं माझं."

ती मग सांगायला लागली. पहिल्या दिवशी विमानतळावरून गाडीत बसले, तेव्हा लांबवर टेकड्या दिसत होत्या. ओवी खिडकीला नाक लावून बसलेली. टेकड्या बुटक्या होत गेल्या आणि मग संपल्याच. गाव आलं तेव्हा सगळं पोळपाटासारखं सपाट. अमोल आणि ती एकमेकांकडे बघत राहिले, पायात माझे दाताचे बूट. त्या संध्याकाळी बाथरूममध्ये जाऊन ती रडली होती.

"डोंगर नाही म्हणून नाही रडले, पप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला आता काय सांगू, म्हणून रडले."

मग तिनेच पुढे सांगितलं. त्या सपाट रानावरून दिवसभर वारा वाहतो. धूळ नाही, सूत नाही. एप्रिलपासून ओवीने पंप घेतलेला नाही. घरमालकीण म्हातारी आहे, ओवीला सायकल शिकवते. पगारातून भाडं जाऊन हातात पैसे उरतात. कंपनीने मागच्या महिन्यात विचारलं होतं की बर्फाच्या डोंगरातल्या त्या दुसऱ्या गावी जागा निघाली आहे, बदली हवी का. त्यांनी नको म्हणून कळवलं.

मी लगेच म्हणालो, माझं मन राखायला नाही म्हणू नका. पिंकी हसली. म्हणाली, "तुमचं मन राखायला फोटो पाठवला. घर कुठे करायचं ते आम्ही आमचं ठरवलं."

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. मुलगी परदेशात पोचली आहे हे मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं.

मंदाला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा ती पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत बसली होती. माहेरची आठवण निघाली की तिची बोलीही माहेरची होते. ती म्हणाली, "डोंगराखाली मोठी झालीय मी. रोज मोळीला वर जायाचं, डोक्यावर घेऊन खाली यायाचं. हे गुडघं त्याच डोंगराचं हायेत. ओवीला तिथं बरं वाटलं ते डोंगरानं न्हाय. तिथं लूम न्हाय, रस्त्याचं काम न्हाय, म्हणून."

मग हे मला तेव्हा का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगितलं होतं. दोनदा. तेव्हा मी तिला गाईंच्या गळ्यातल्या घंटांचं काहीतरी वाचून दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी शकीलभाईकडे इरफानच्या बुटांबद्दल दिलगिरी व्यक्त करायला गेलो. तो म्हणाला, टेन्शन घेऊ नका, कोल्ड स्टोरेजच्या आत तेच बूट कामाला येतात, बाकीचे कामगार त्याच्याकडे दुकानाचा पत्ता मागतात. हे खरं होतं की शकीलभाईने माझ्यासाठी रचलं होतं, ते मी विचारलं नाही. या वेळी चहा मी मागवला.

गेल्या महिन्यात पडघ्याहून एक गृहस्थ माझा पत्ता शोधत आले. त्यांचा मुलगा-सून न्यूझीलंडला जायचे आहेत, डोंगराजवळचं, परवडेल असं गाव हवं, आणि या कामात भिवंडीत माझ्यासारखा जाणकार नाही असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. (कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. मला गॅसवाल्याचा संशय आहे.) मी त्यांना बसवलं आणि काही न लपवता सगळी हकीकत सांगितली. वही दाखवली, दोनशे पानं. बासष्ट मीटरचंही सांगितलं. ते भले गृहस्थ, न हसता ऐकत होते. माझं संपलं तशी मंदा पाणी घेऊन बाहेर आली. तिने त्यांना एकच विचारलं, "तिकडं तुमच्या ओळखीचं कोण राहतं का?"

ते म्हणाले, मुलाचा एक मित्र आहे.

"मग त्याला फोन लावा की," मंदा म्हणाली.

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. चार मिनिटांत त्यांना दोन गावांची नावं, भाडं, शाळा आणि खिडकीतून डोंगर दिसतो की नाही, एवढं सगळं कळलं. मंदाने त्यांच्या वतीने आणखी दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं मिळाली. ते गृहस्थ लिहून घ्यायला कागद शोधायला लागले, तेव्हा मी माझ्या वहीतलं एक कोरं पान फाडून दिलं. या विषयात माझा तेवढा एकच उपयोग झाला.